शहाबादी फरशीचा धडा

दिवाळीची साफसफाई ही पुरुषांनी लांबूनच पाहावयाची गोष्ट आहे, हे मला गेल्या दिवाळीत पटले. मी उत्साहाने मदतीला गेलो आणि पन्नास वर्षांची फरशी दहा मिनिटांत बिघडवून बसलो.

आमचे स्वयंपाकघर शहाबादी फरशीचे. वडील हयात असताना ज्या जागी पाट मांडून जेवायला बसत, तिथली फरशी आईने रोज ओल्या फडक्याने पुसून आरशासारखी केलेली. तिच्यावर तेलाचे दोन डाग होते. मी बाजारातून अ‍ॅसिडची बाटली आणली आणि ओतली. फरशी एकदम फसफसली, नाक झोंबले, आणि पाणी टाकून पाहतो तो डागांबरोबर चकाकीही गेलेली! उरला तो खरबरीत, पांढुरका पट्टा. सौभाग्यवतींनी माझ्याकडे नुसते पाहिले. आई म्हणाली, "दगडालाही पित्त झालं की काय रे?"

आईने थट्टा केली, पण मला खरेच उत्तर शोधावेसे वाटले. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. कर्नाटकातल्या शहाबादच्या खाणींवरून तिला हे नाव पडले. चुनखडीवर आम्ल पडले की तिच्यातला कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो. तोच तो फेस. उरलेला चुन्याचा अंश पाण्यात विरघळून वाहून जातो. म्हणजे मी डाग काढला नव्हता, दगडच काढला होता! संगमरवर आणि कडप्पा याच गोत्रातले. तेव्हा भगिनींनो, ओट्यावर लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ सांडला, तर लगेच पुसून घ्या.

पण खरी गंमत पुढेच आहे. माझा हा उद्योग आभाळ कोट्यवधी वर्षे करीत आले आहे. पाऊस हवेतला कार्बन डायॉक्साइड पिऊनच खाली येतो. तो सोडावॉटरचा अगदी फिका भाऊ म्हणा ना! शुद्ध पाण्याचा सामू ७, तर स्वच्छ पावसाचा सुमारे ५.६. जमिनीत मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला तोच वायू त्याला आणखी मिळतो. अशा पाण्याने चुनखडी विरघळत विरघळत आंध्रातल्या बेलमसारख्या गुहा झाल्या. जड पाणी तापवल्यावर बंबाच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तोही असाच विरघळून आलेला दगड!

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो असा फसफसत नाही. पण हेच सौम्य आम्ल त्यातले कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम सावकाश सोडवून नेते आणि मागे चिकणमाती ठेवते. देशावरची काळी कसदार जमीन ती हीच. कोकणातल्या धुवाधार पावसाने त्याहून पुष्कळ धुऊन नेले. मागे राहिले मुख्यतः लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. तो आपला तांबडा जांभा. गोड्या मसाल्यातले दगडफूलही याच कारखान्यातले. त्याच्या जातीचे जीव खडकाला चिकटून राहतात, आम्ले पाझरवतात आणि कण कण सुटा करतात.

माणूस मात्र घाई करतो. कोळसा आणि तेल जाळल्यावर निघणाऱ्या धुरातल्या गंधकाचे हवेत तीव्र आम्ल होते आणि ते संगमरवर खाते. ताजमहालाला हा धोका नको म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर दुसरीकडे जा, असा आदेश दिला. माझ्या बाटलीला अडवायला मात्र कोणी नव्हते.

आभाळ सबुरीने करते, म्हणून दगडाची माती होते आणि माती पिकते. मी दहा मिनिटांत केले, म्हणून नुसता डाग पडला, आणि तोही नेमका वडिलांच्या जागेवर.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी भीतभीत विचारले, "आई, पुन्हा चकाकेल का गं ती?"

"पुसत राहिलास तर कळेल," ती म्हणाली आणि ओले फडके माझ्या हातात दिले.

त्या पाडव्यापासून ते माझ्याकडेच आहे.