अठरा पूर्ण झाली? मग चालते व्हा!



17 वर्षं 11 महिन्यांच्या पोराला सरकार 'बालक' म्हणतं. त्याला बालगृहात खाट असते, दोन वेळचं जेवण असतं, बाल कल्याण समिती असते, अडचणीत फिरवायला 1098 हा नंबर असतो. हा नंबर याच मुंबईत 1996 साली सुरू झाला. पुढच्याच महिन्यात वाढदिवस येतो आणि त्या दिवसापासून तो पोरगा कोणाचाच नसतो. आपल्या घरातली अठरा वर्षांची मुलं अजून टॉवेल कुठे ठेवलाय ते आईला विचारतात!

कागदावर सोय आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, नियमांत अपवाद म्हणून 23 पर्यंत. मिशन वात्सल्यमधून महिना 4,000 रुपये मिळू शकतात. एवढ्यात या शहरात भाडं, जेवण आणि लोकलचा पास कसा बसवायचा, ते महिला व बाल विकास विभागाने एकदा मांडून दाखवावं. खोलीचं डिपॉझिट तर आम्ही धरलेलंच नाही. आणि जो पोरगा बालगृहात कधी गेलाच नाही, घरच्या माराला कंटाळून थेट कुर्ला टर्मिनसला उतरला, त्याला ही तरतूदही लागू नाही.

निवाऱ्यांचं पाहा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने नियम घालून दिला: दर लाख लोकवस्तीमागे किमान 100 बेघरांची कायम सोय, माणशी 50 चौरस फूट जागा, दार चोवीस तास उघडं. मुंबईची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे साधारण साडेबारा हजारांची सोय हवी. त्याच जनगणनेत इथले बेघर सुमारे 57 हजार मोजले गेले. नियम तंतोतंत पाळला तरी पाचातले चार बाहेरच झोपणार, आणि मुंबई त्या नियमाच्या जवळपासही पोचलेली नाही. ही देशातली सगळ्यांत श्रीमंत महापालिका; 2025-26 चा तिचा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर होता. पैसा नाही, हे उत्तर आम्हाला कृपया देऊ नये.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. मानसिक आजार बहुतेकदा पंचविशीच्या आतच सुरू होतात. म्हणजे ज्या वयात आपण या पोरांना रस्त्यावर सोडतो, त्याच वयात. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट सांगतो की बेघर माणसाला सरकारी रुग्णालयात मानसिक उपचार मोफत मिळाले पाहिजेत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. छान. पोरगा सकाळची रोजंदारी बुडवून ओपीडीच्या रांगेत उभा राहतो, डॉक्टर भला माणूस असतो, केसपेपरवर गोळ्या लिहून देतो. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. फुटपाथवर गाढ झोपणाऱ्याची चप्पल, मोबाइल, खिशातली मजुरी सकाळी जागेवर नसते. मुलगी असेल तर काय होऊ शकतं ते लिहायची गरज नाही. मग गोळ्या सुटतात, आणि केसपेपरवर शेरा पडतो: रुग्ण औषध नियमित घेत नाही.

उलट बाजूने निवाऱ्यात जावं, तर दारावरचा माणूस नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या किंवा नशेसाठी सलोशन, म्हणजे पंक्चरचा गोंद, हुंगून आलेल्या पोराला आत घ्यायला कचरतो. त्याचा एकट्याचा दोष नाही. अशा पोराशी कसं बोलायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. दवाखाना म्हणतो आधी राहायची सोय करा, निवारा म्हणतो आधी बरा होऊन ये.

'नशेडी पोरांवर आमचा पैसा कशाला?' असं विचारणारे भेटतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर हमखास. सलोशनने भूक मरते, थंडी कमी वाजते, रात्र निघते. भूक, थंडी आणि रात्र तशीच ठेवून नशा सोडवायला निघालेल्यांना आमचा कोपरापासून नमस्कार.

या पोरांना उचलायला मात्र यंत्रणा तयार आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा 1959 चा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली, पण इथे मुंबईत तो अजून जिवंत आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन 24 तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. यातला कोणता कायदा पोलीस ठाण्यात जास्त पाठ आहे, ते तुम्हीच विचारून पाहा.

आमची मागणी अशी आहे. प्रत्येक वॉर्डात 18 ते 25 वयोगटासाठी चोवीस तास उघडा निवारा हवा, आणि समुपदेशक, औषधं ठेवायला कुलूपबंद कपाट, आठवड्याला येणारा मनोविकारतज्ज्ञ हे त्याच छताखाली हवं. मुलींसाठी वेगळी जागा. घरातून हाकललेल्या तृतीयपंथी मुलांनाही प्रवेश, आणि तो त्यांना हव्या त्या विभागात. आधार कार्ड नाही म्हणून दारातून परत पाठवणं बंद. कार्ड आत आल्यावर काढता येतं.

तुम्ही काय करायचं? तुमच्या वॉर्ड ऑफिसमध्ये माहिती अधिकाराखाली अर्ज टाका. वॉर्डात निवारे किती, अठरा ते पंचवीस वयाची किती मुलं तिथे झोपतात, समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतो, एवढे तीनच प्रश्न लिहा. अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. आलेल्या उत्तराची एक प्रत नगरसेवकाच्या हातात द्या, आणि दुसरी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा.

— मुंबईतले काही नागरिक