बिल्डर आपला आहे, पण कागद कुठे आहे?

अब्बांच्या लोखंडी कपाटात शंभर रुपयांचा एक स्टॅम्प पेपर आहे. 2011 सालचा. त्यावर नोटरीचा लाल शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि वर ठळक अक्षरांत ‘खरेदीखत’ असं टाईप केलेलं. या कागदासाठी अम्मीच्या बांगड्या गेल्या, गावाकडची जमीन गेली आणि अब्बांनी पॉवरलूमवर मुकादमी करून साठवलेली सगळी पुंजी गेली. सात लाख रुपये. रोख. पावती मागायला अब्बांना लाज वाटली, कारण बिल्डर जुम्म्याच्या नमाजला त्यांच्याच सफेत उभा राहायचा.

सहा वर्षं आम्ही त्या घरात राहिलो. तिसऱ्या मजल्यावर. नंतर कळलं की मंजूर नकाशात तिसरा मजलाच नव्हता. मग जागेच्या मूळ मालकाच्या दोन बहिणी कोर्टात गेल्या. भावाने परस्पर जागा बिल्डरला दिली होती, त्यांची सही कुठेच नव्हती. आम्ही वकिलाकडे तो स्टॅम्प पेपर घेऊन गेलो. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “हा नोंदवलेला नाही?” अब्बांना प्रश्नच समजला नाही. शिक्का तर होता!

बिल्डर भेटला तेव्हा म्हणाला, “चाचा, मैंने तो कब्जा दिया था ना?” हे मात्र खरं होतं. कब्जा दिला होता.

ही गोष्ट मी रडगाणं म्हणून सांगत नाही. भिवंडीत हे रडगाणं गल्लीगल्लीत ऐकू येतं. शांतीनगरमध्ये विचारा, गैबीनगरमध्ये विचारा, खाडीपारला विचारा. मला भांडायचं आहे ते एका शब्दाशी. ‘अपना आदमी है.’ गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्या किमान डझनभर तरुणांनी घर घेतलं. शिकलेली मुलं. एनआरसीच्या वेळी आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळे कागद फाईलला लावणारी, संविधानाची उद्देशिका पाठ असणारी. पण घर घेताना प्रत्येकाचं उत्तर एकच: अपना आदमी है, कागज बाद में हो जाएगा.

कागद नंतर होत नाही. नोंदणी कायदा 1908 सालचा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची खरेदी नोंदणीकृत दस्तानेच होते, हे त्याच्या कलम 17 मध्ये आहे. नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही सही या माणसाने माझ्यासमोर केली. घर कोणाचं, जागा कोणाची, मजला मंजूर की नामंजूर, याच्याशी त्याचा संबंध नाही. मुखत्यारपत्रावर आणि साध्या करारावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे ज्या वर्षी अब्बा नोटरीसमोर खुर्चीवर बसले होते त्याच वर्षी. आमच्या मोहल्ल्यात ही बातमी कोणी आणली नाही. मोहल्ल्यातल्या जलशात, बयानात बऱ्याच गोष्टी येतात, ही आली नाही.

आणि गंमत पाहा. कुरआनातली सर्वात मोठी आयत कशाबद्दल आहे? सूरह अल-बकराची 282वी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल, साक्षीदारांबद्दल. मी आलिम नाही, आयतीचा अर्थ सांगत बसणार नाही. पण ज्या समाजाच्या ग्रंथात सर्वात लांब आयत लिखापढीवर आहे, त्या समाजात पावती मागणं हा अविश्वास कसा ठरतो, हे मला खरंच कळत नाही.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, तुला बोलायला काय जातं? आम्हाला घर देतं कोण? हा प्रश्न खोटा नाही. नाव सांगितल्यावर फोन ठेवणारे दलाल मीही अनुभवलेत, ठाण्यात आणि पुण्यात. 1992-93 नंतर मुंबईतून उठलेली किती कुटुंबं मुंब्रा-कौशात आणि आपल्याकडे आली. भिवंडीने तर 1970 आणि 1984 अशा दोन दंगली पाहिल्या. त्यानंतर माणसं ‘आपल्या’ वस्तीत सरकत गेली, दाटी वाढली, जागेचा भाव वाढला. बँकाही काही भागांचं नाव ऐकताच हात आखडतात. हे सगळं खरं आहे आणि त्याविरुद्ध लढायलाच हवं. पण या मजबुरीवर कोण धंदा करतो? तुम्हाला दुसरीकडे घर मिळणार नाही, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तोच. पन्नास लाखांच्या सोसायटीतला माणूस ‘भोगवटा प्रमाणपत्र दाखवा’ म्हणतो, कारण तो उठून दुसरीकडे जाऊ शकतो. आपण जाऊ शकत नाही, म्हणून आपल्याला नकाशाही न दाखवता मजले चढवून विकले जातात. बाहेरच्याने दार लावलं आणि आतल्याने त्या बंद दाराचे पैसे घेतले. पहिल्यावर आपण लेख लिहितो. दुसऱ्याला जलशात पहिल्या रांगेत बसवतो.

21 सप्टेंबर 2020 ची पहाट आठवते? धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत. लोक झोपेत होते. सुमारे चाळीस माणसं गेली, त्यात लहान मुलं किती. त्याआधी जेमतेम महिनाभर, 24 ऑगस्टला, महाडमध्ये तारिक गार्डन कोसळली होती. 16 मृत्यू. आणि 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याची लकी कंपाउंड, 74 मृत्यू. ती तर बांधून पूर्णही झाली नव्हती, तरी खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आणली होती. प्रत्येक वेळी आपण कबरस्तानात गेलो, चंदा जमवला, सरकारने मदत जाहीर केली आणि ‘मौत का वक्त मुकर्रर है’ म्हणून घरी आलो. असेल मुकर्रर. सिमेंटमध्ये वाळू किती घालायची, हे तर बिल्डरच ठरवत होता ना?

महानगरपालिकेला मी सोडत नाही. भर रस्त्यावर पाच मजले उभे राहतात आणि ते प्रभाग कार्यालयाला दिसत नाहीत, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. जिलानीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ती काही उगाच नाही. पण पालिकेच्या नावाने बोटं मोडताना एक गैरसमज आपणच पोसतो: घरपट्टी भरतो म्हणजे घर कायदेशीर. नाही. बेकायदा बांधकामावरही पालिका कर लावते, वर दंड लावते. त्याला शास्ती म्हणतात. आणि महापालिका कायद्याच्या कलम 267अ मध्येच लिहिलंय की ही शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. वीजमीटर, पाण्याची जोडणी, आधारकार्डावरचा पत्ता, यांतलं काहीही मालकी सिद्ध करत नाही. घर विकणारा मात्र हीच फाईल उघडून दाखवतो. फाईल जाडजूड असते. आत एकही कामाचा कागद नसतो.

मग कामाचे कागद कोणते? जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि त्यासोबत फेरफार. बिनशेतीचा आदेश. मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे सीसी म्हणतात ते. किती मजल्यांची आहे ते नीट वाचा. इमारत पूर्ण झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ओसी. यांतला ओसी भिवंडीत मागितला तर लोक तुमच्याकडे असं बघतात की जणू तुम्ही चंद्राचा तुकडा मागितला. मागाच. अंजूरफाट्यापलीकडे, काल्हेर-कशेळीच्या पट्ट्यात घर बघत असाल तर आणखी सावध राहा. तिथे ग्रामपंचायतीचा दाखला दाखवून घरं विकली जातात. पण त्या गावांसाठी नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए आहे. सरपंचाच्या सहीने इमारत उभी राहत नाही. म्हणजे उभी राहते, पण पाडलीही जाते.

नवी इमारत असेल तर महारेराचा क्रमांक विचारा. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठपर्यंतच्या सदनिकांना ही नोंदणी लागत नाही, आणि गल्लीतले बिल्डर याच फटीतून निसटतात. पण महारेरा लागत नाही म्हणजे पालिकेची परवानगीही लागत नाही, असं नाही. जिथे रेरा लागू आहे तिथे नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. लहान प्रकल्पांना 1963 चा मोफा कायदा आहे, तिथे मर्यादा वीस टक्के. अब्बांकडून शंभर टक्के घेतले होते, तेही करार टाईप व्हायच्या आधी.

क्रमांक दिसला की डोळे मिटू नका. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने अशा 65 इमारती पाडण्याचा आदेश दिला. तिथले सगळे खरेदीदार काही मुसलमान नव्हते. त्यांनाही कोणीतरी ‘आपला माणूस’च भेटला असणार, टिळा लावलेला. म्हणून सीसीवरचा क्रमांक आणि तारीख घेऊन माहिती अधिकारात पालिकेच्या नगररचना विभागाला विचारा की ही परवानगी तुम्हीच दिली का. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तराला महिना लागेल. सात लाखांसाठी महिनाभर थांबता येत नाही? बिल्डर म्हणेल, दुसरी पार्टी तयार आहे. असू दे.

व्याजाचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण आपल्याकडे रोखीचा व्यवहार बऱ्याचदा त्यातूनच येतो. गृहकर्ज घ्यावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं म्हणणं वेगळं आहे. बँक कर्ज देण्याआधी स्वतःचा वकील लावून त्या जागेचा तीस वर्षांचा इतिहास काढते, कारण पैसा तिचा असतो. तुम्ही कर्ज घेत नसाल तर पैसा पूर्ण तुमचा आहे, मग तेच काम तुम्ही का करत नाही? वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढायला काही हजार लागतील. लग्नात मंडपाच्या फुलांना त्याहून जास्त जातात. आणि ज्या इमारतीला एकही बँक कर्ज देत नाही, तिथे ‘बँक मुसलमानांना देत नाही’ एवढ्यावर थांबू नका. कधी ते खरं असतं. पण कधी बँकेच्या वकिलाने जे पाहिलं ते आपण पाहिलेलं नसतं.

हेवी डिपॉझिटचंही तेच. भाडं नको, तीन-चार लाख एकरकमी द्या, सोडताना परत घ्या. तेही कोऱ्या विश्वासावर. मालक एकाचे पैसे दुसऱ्याकडून घेऊन फेडतो, आणि एक दिवस दुसरा मिळत नाही.

आता ज्या गोष्टीने आम्हाला खरं बुडवलं तिच्याकडे येतो. त्या दोन बहिणी. कोर्टाच्या व्हरांड्यात एकदा त्यांच्यातली मोठी अम्मीच्या शेजारी बसली होती. म्हणाली, “बाजी, तुमचं नुकसान आम्हाला करायचं नव्हतं. आम्हाला आमचा हिस्सा पाहिजे होता.” वडील वारल्यावर वारस नोंद झाली तेव्हा भावाने फक्त स्वतःचं नाव लावलं. शरियत मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा देते, आणि त्या निम्म्यावरसुद्धा आपल्याकडे भाऊ पाणी सोडायला लावतात. पर्सनल लॉवर बोट ठेवलं की रस्त्यावर उतरणारे आपण, वारस नोंदीच्या वेळी मात्र तोच पर्सनल लॉ गुंडाळून ठेवतो. मग ती जागा विकासाला जाते, त्यावर चाळीस खोल्या होतात, चाळीस कुटुंबं दागिने मोडून येतात आणि वीस वर्षांनी एक बहीण उभी राहते. तिचं काहीच चुकलेलं नसतं. म्हणून घर बघायला जाल तेव्हा जागामालकाच्या बहिणी किती, हे विचारा. त्यांची नावं फेरफारात आहेत का, आणि नसतील तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र आहे का, ते बघा. बिल्डर हसेल. माझ्यावरही हसतात.

आणि विचारायला गेलातच तर आपल्या घरातही विचारा. नवं घर कोणाच्या नावावर होतंय? दागिने अम्मीचे, कागदावर नाव अब्बांचं, हेच आमच्याकडेही होतं. महाराष्ट्रात 2021 पासून फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलत नको असेल तर दोघांचं नाव लावा. पण ज्या बाईच्या बांगड्या विकून घर आलं तिला उद्या ‘निघ’ म्हणता येऊ नये, एवढं तरी करा.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी एकच. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. खाली साचे आणि वर संसार असेल तर तीस वर्षांची वाट बघू नका, त्या भिंती दिवसरात्र हादरत असतात. धोकादायक इमारतीची नोटीस आली तर ती फाडू नका. हक्क जाईल या भीतीने लोक घर सोडत नाहीत, ही भीती मला समजते. बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीचं मोजमाप करून त्याचा लेखी दाखला पालिकेकडून मागा, इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून मागा. आणि बाहेर पडा.

गेल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. वंजारपट्टी नाक्याजवळ वन रूम किचन बघितलंय, शनिवारी बयाना द्यायचाय, साक्षीदार म्हणून ये. मी विचारलं, सीसी पाहिलीस? तो म्हणाला, “भाईजान, बिल्डर अब्बू के साथ हज को गया था.” मी सांगितलं, साक्षीदार म्हणून येतो, पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. नोटरीकडे येणार नाही. तो नाराज झाला. शनिवारी त्याचा मेसेज आला, बयाना दिलेला नाही. सोबत एका कागदाचा फोटो होता. मंजूर नकाशात तळमजला अधिक दोन. त्याला दाखवलेली खोली चौथ्या मजल्यावर होती.