‘सगळं ओके’ म्हणण्याची किंमत

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. शेजारच्या आजी वीस मिनिटं आत. आदल्याच दिवशी सर्व्हिसिंगवाला कार्डावर ‘ओके’ लिहून, सही ठोकून गेला होता. दोष निघाला दाराच्या सेन्सरचा. पण माझ्या डोक्यात राहिली ती सही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. टेस्टिंग म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. चार शितं शिजलेली निघाली की आपण भात झाला म्हणतो. पण गाडीचे ब्रेक किंवा अशा यंत्रांच्या आतले प्रोग्राम, जे बऱ्याचदा सी भाषेत असतात, तिथे एक शीत कच्चं राहिलं तरी जीव जाऊ शकतो. म्हणून गणिताने पडताळणी करणारी टूल्स असतात. कुठलाही इनपुट आला तरी अमुक चूक होणारच नाही, हे ती सिद्ध करून दाखवतात.

असं एक टूल आपल्या शेजारी पुण्यात बनलंय. टीसीएसच्या संशोधन केंद्रातलं ‘व्हेरिअ‍ॅब्स’. 2017 च्या सुमारास त्याचा भर होता लूपवर. लाख वेळा फिरणाऱ्या लूपची एकेक फेरी तपासत बसलं तर वेळ संपतो. म्हणून त्याच्या जागी एक ढोबळ रूप ठेवायचं. त्यात चूक शक्य नसेल तर मूळ प्रोग्राममध्येही नाही. अडचण अशी, की ढोबळ रूपात चूक दिसली तर ती खरी की भास हे कळत नाही. मग खरी चूक पकडण्यासाठी टेस्ट तयार करणं जोडलं गेलं, लूपचा प्रकार बघून पद्धत निवडणं आलं. 2023 च्या ‘व्हेरिअ‍ॅब्स-एल’मध्ये कुठली पद्धत आधी लावायची याचा अंदाजही टूलच बांधतं. एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, प्रोग्राम चुकीच्या जागी पोचतो का हे तपासणाऱ्या गटात, 2019 आणि 2020 ला पहिला नंबर याच टूलचा.

पण मला खरी आवडली ती त्या स्पर्धेची गुणपद्धत. चूक बरोबर शोधली, 1 गुण. निर्दोष असल्याचं बरोबर सिद्ध केलं, 2 गुण. उगाच चूक दाखवली, वजा 16. आणि चूक असताना ‘ओके’ म्हटलं, तर वजा 32! ‘माहीत नाही’ म्हटलं तर शून्य, दंड नाही.

आता आपल्याकडे बघा. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला आपण नालायक ठरवतो आणि खोट्या ‘ओके’ला बिल पास करतो. उलटा हिशोब!

पनवेलला महापालिका आली 2016 ला, आणि आता तालुक्यात विमानतळही सुरू झालाय. सिग्नल, लिफ्ट, पाण्याचे पंप, सगळं हळूहळू प्रोग्रामवर चालणार. माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून अशी यंत्रणा घेताना ठेकेदाराकडून एक पान लिहून घ्या: काय सिद्ध केलं, काय फक्त टेस्ट केलं, काय तपासलंच नाही. ते पान लोकांसाठी खुलं ठेवा. खोटं निघालं तर दंड जबर हवा.

हो, टूल म्हणजे जादू नाही. जे विचारलं तेवढंच ते सिद्ध करतं. पण विचारायला तर आपल्यालाच लागेल ना?

तुमच्या लिफ्टचं कार्ड आज एकदा वाचा. सही आहे. पण नेमकं काय तपासलं, ते लिहिलंय का? कॉमेंटमध्ये सांगा.