नोंद पोहोचली, की मोबाईलमध्येच राहिली?

राज्यातील अनेक आयुष्मान आरोग्य मंदिरांत बी.ए.एम.एस. पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करतात आणि रक्तदाब, रक्तशर्करा यांच्या नोंदी मोबाईलमध्ये भरतात. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून खाजगी चिकित्सालयांनाही या व्यवस्थेत सहभागी होता येते. मात्र ‘आपोआप सिंक’ या शब्दांवर आपण नको तितके विसंबतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ऑफलाइन चालणाऱ्या ॲपमध्ये भरलेली नोंद प्रथम मोबाईलच्याच स्मृतीत साठते व पाठवणीच्या रांगेत उभी राहते. ती केव्हा निघावी हे बव्हंशी ॲप नव्हे, तर मोबाईलची कार्यप्रणाली ठरविते. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून निश्चल पडलेला फोन बॅटरी वाचविण्यासाठी अशी कामे लांबणीवर टाकतो. ठरावीक अंतराने करावयाच्या कामासाठीही अँड्रॉइडच्या प्रचलित सोयीत किमान पंधरा मिनिटांचे अंतर असते. रेंज नसल्यास प्रयत्न फसतो आणि पुढचे प्रयत्न सहसा वाढत्या अंतराने होतात. ॲप ‘फोर्स स्टॉप’ केल्यास ते पुन्हा उघडेपर्यंत पाठवणी थांबते. आणि सिंकपूर्वीच ॲप काढून टाकल्यास नोंद कायमची जाते.

यावल, चोपडा वा शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवर जाणाऱ्यांना याचे गांभीर्य सांगावयास नको. पाड्यावर आढळलेला वाढीव रक्तदाब जळगाव किंवा धुळ्याच्या रुग्णालयात रुग्णाआधी पोहोचला नाही, तर तेथील चिकित्सक जुन्याच माहितीवर निर्णय घेणार. औषधालयातही दोन मोबाईलवरून एकच साठा नोंदला जात असेल, तर उशिरा पोहोचलेली नोंद ताज्या आकड्यावर चढून बसू शकते.

चरकाचार्यांनी परिचारकाच्या ठायी दाक्ष्य अपेक्षिले आहे. ॲप हाही आता परिचारकच होय. शेवटचे सिंक केव्हा झाले व किती नोंदी प्रलंबित आहेत, हे जे ॲप दाखवीत नाही ते दक्ष नव्हे. खरेदीपूर्वी विक्रेत्यास हे अवश्य विचारावे. दिवसाअखेर रेंजमध्ये येऊन ॲप उघडावे, प्रलंबित आकडा शून्य झाल्याची खात्री करावी आणि तातडीच्या रुग्णासोबत हस्तलिखित चिठ्ठी द्यावीच.

शिवाय ही पाठवणी नकळत होत असल्याने माहिती कोठे जाते, हे रुग्णास आधीच सांगून त्याची संमती घेणे उचित. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचाही रोख तोच आहे. पाठविण्याचे काम यंत्राकडे सोपविता येते. जबाबदारी मात्र वैद्याचीच राहते.