डब्यात काय आहे?

१९९७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर जेमतेम पाच आठवड्यांत दगावले. तिघेही वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवत होते. संशयाची सुई क्रिएटिन या ताकद वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या पावडरीकडे वळली, कारण ती तेव्हा तिथल्या खेळाडूंत झपाट्याने पसरत होती. चौकशीत निराळेच निघाले. अंगाला वारा लागू न देणारे सूट, तापवलेली खोली, पाणी तोडून तासन्‌तास व्यायाम. शरीर कोरडे पडले, ताप चढला आणि हृदय थांबले. तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने मग असे सूट आणि सौना बंद केले, वजन करण्याची वेळ कुस्तीच्या अगदी जवळ आणली.

आपल्याकडे क्रिएटिनबाबत दोनच सूर ऐकू येतात. घरचे म्हणतात, किडनी जाईल. जिममधला ट्रेनर म्हणतो, काही होत नाही, बिनधास्त घे. दोन्ही अर्धवट आहेत. क्रिएटिन आपले शरीर स्वतः रोज साधारण एक ग्रॅम तयार करते, जवळपास तेवढेच मांस-मासळीतून मिळते. निरोगी प्रौढाने रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास किडनी बिघडते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. हे मोकळेपणाने सांगायला हवे, नाहीतर खोट्या भीतीआड खरा धोका लपून राहतो.

तो धोका खेळाडूच्या परिस्थितीत आहे. क्रिएटिन स्नायूंत पाणी ओढून घेते. आठवडाभर रोज २० ग्रॅमचे ‘लोडिंग’ केले की वजन किलो-दोन किलोने वाढू शकते. धावपटूला ते जड जाते. पैलवानाला आणि बॉक्सरला मात्र तेच वजन स्पर्धेआधी घाम गाळून, तहान मारून उतरवावे लागते. त्यात अंग दुखते म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली, तर पाण्याविना ताणलेल्या किडनीवर आणखी घाला पडतो.

दुसरी गोष्ट आधीच्या आजाराची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये २५ वर्षांच्या एका फुटबॉलपटूची नोंद छापली होती. त्याला किडनीचा जुना विकार होता. क्रिएटिन सुरू केल्यावर किडनीचे काम मंदावले, बंद केल्यावर सुधारले. आपल्या किती तरुण खेळाडूंनी आयुष्यात एकदा तरी रक्तदाब मोजून घेतला आहे? घरात मधुमेह असेल, तर पावडरीचा डबा उघडण्याआधी तपासणी व्हायलाच हवी. डॉक्टरांपासून पावडर लपवणेही महागात पडते. ज्यावरून किडनीचे काम जोखतात, ते रक्तातील क्रिएटिनिन क्रिएटिनमुळे वाढलेले दिसते आणि धडधाकट मुलावर किडनीच्या आजाराचा शिक्का बसू शकतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी चाचणीने उलगडा होण्यास मदत होते, पण त्यासाठी डॉक्टरांना खरे कळले पाहिजे.

सर्वांत मोठी काळजी मात्र खुद्द डब्याची. जर्मनीतील कोलोनच्या उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळेने १३ देशांतील ६३४ पूरक उत्पादने तपासली, तेव्हा त्यांतील ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइडसदृश घटक सापडले. तो निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रिएटिन उत्तेजकांच्या निषिद्ध यादीत नाही, पण भेसळीतून अंगात गेलेले स्टेरॉइड आहे; आणि नमुना दोषी निघाला की आधी जबाबदार खेळाडूच ठरतो. भारतात ही पावडर औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून विकली जाते. डब्यावरचा परवाना क्रमांक उत्पादकाची नोंद दाखवतो, त्या डब्यात नेमके काय भरले याची ग्वाही देत नाही.

म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडून या डब्यांचे नमुने नियमित उचलावेत आणि निकाल ब्रँडच्या नावासह जाहीर करावेत. अमेरिकेतील त्याच क्रीडा संघटनेने महाविद्यालयांना खेळाडूंमध्ये क्रिएटिन वाटण्यास मनाई केली होती. आपल्या क्रीडा प्रबोधिनींत आणि तालमींत अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी तसाच लेखी नियम हवा: प्रशिक्षकाने, वस्तादाने परस्पर पावडर द्यायची नाही. आणि हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाचा रक्तदाब व लघवीतील प्रथिने तपासावीत. ही तपासणी स्वस्त आहे आणि सरकारी रुग्णालयात होऊ शकते. क्रीडा खात्याने ती याच हंगामापासून सुरू करावी.