कात टाकायचीय?

नाइट क्रीमच्या डबीवर ‘नवी त्वचा’ वाचलं, की मला नाग आठवतो. कात टाकतो, म्हणून अमर! मेसोपोटेमियातल्या गिलगमेशच्या कथेतही तारुण्याची वनस्पती साप पळवतो आणि कात टाकून पसार होतो. राजा बसतो रडत. खरं तर बॉस, साप कात टाकतो, पण वय त्याचंही वाढतंच.

माझी आजी करमाळा तालुक्यातल्या केमची. कुंकवाच्या कारखान्यांचं गाव. नागपंचमीला ती पाटावर नाग काढते, भाऊ मानून पूजते. आजोबा गेल्यावर तिनं स्वतःचं कुंकू पुसलं. नागाला मात्र केमचंच वाहते, मस्त ठसठशीत. आता नव्वदीत हात थरथरतो, फणा वाकडा येतो. तिला चालतं.