मागतांच येणारी सामग्री

औंढा नागनाथानजीक गुरुत्वतरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली, तेव्हांपासून हिंगोली जिल्ह्यांतील मुलांत त्या तरंगांविषयीं मोठें कुतूहल आहे. अमेरिकेंतील दोन वेधशाळांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं टिपलेल्या पहिल्या तरंगाचे आंकडे सर्वांस खुले असून पायथॉन भाषेंत थोड्या ओळी लिहून त्याचा आलेख काढतां येतो. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं तो विज्ञानप्रदर्शनासाठीं सिद्ध केला. ऐन वेळीं मात्र पडद्यावर आलेखाऐवजीं तांबडीं अक्षरें उमटलीं. त्यांच्या आज्ञावलींत एक युक्ति होती: जी लायब्ररी सांपडणार नाहीं, ती त्याच क्षणीं इंटरनेटवरून आणून बसवावी. आणि त्या दालनांत इंटरनेट पोहोंचत नव्हतें!

या युक्तीस आमचा विरोध आहे. परंतु तिच्यांत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. घरांत असलेली सामग्री लागेल तेव्हां काढणें, ही पहिली. सुज्ञ गृहिणी फडताळांतील सारे डबे एकदम ओट्यावर मांडीत नाहीं. मोहरी लागली कीं मोहरीचाच डबा काढते. पीएचपी भाषेंत ही सोय २००४ सालीं आली. एखाद्या क्लासचें नांव प्रथम आलें कीं त्याची फाइल शोधून आणणारें फंक्शन आपोआप चालावें, अशी ती योजना. आरंभीं असें फंक्शन एकच ठेवतां येई, त्यामुळें दोन लायब्रऱ्यांचें त्यावरून भांडण होई. पुढच्याच वर्षीं अनेक फंक्शनें ओळीनें नोंदविण्याची तरतूद झाली, व जुनी रीत २०२० च्या आठव्या आवृत्तींत काढून टाकण्यांत आली. यांत वेळ व स्मृति दोन्ही वांचतात. आम्हांस कांहींच गैर दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट म्हणजे चूल पेटल्यावर बाजारांत माणूस धाडणें. मार्च २०१६ मध्यें जावास्क्रिप्टची अवघ्या ११ ओळींची एक लायब्ररी तिच्या कर्त्यानें सार्वजनिक भांडारांतून काढून घेतली, आणि जगभर हजारों आज्ञावलींची उभारणी अडली. शिवाय काल आलेली आवृत्ति आज येईलच असें नाहीं. नांवांत एक अक्षर चुकलें तर भलत्याचीच लायब्ररी घरांत शिरते, व अशीं फसवीं नांवें मुद्दाम नोंदविणारे लोकही आहेत. पालकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें, कीं आलेली लायब्ररी संगणक वापरणाराच्या सर्व अधिकारांनिशीं चालते. ज्या संगणकावर मुलगा आलेख काढतो, त्यावरच वडिलांचे बँकेचे कागद असतात.

मुलें म्हणतात, "सर, प्रत्येक संगणकावर हातानें किती वेळां बसवावें?" तक्रार खरी आहे. तिला उत्तर इतकेंच, कीं लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी आवृत्तीच्या आंकड्यांसह एका फाइलींत लिहावी. आदल्या दिवशीं एका आज्ञेनें सर्व बसतात. आणि चालतांना एखादी सांपडली नाहीं, तर आज्ञावलीनें तिचें नांव सांगून थांबावें.

यंदाची यादी मुलांनीं प्रयोगशाळेच्या फळ्याशेजारीं लाविली आहे: चार नांवें, चार आंकडे. चौथ्या आंकड्यावर अद्यापि त्यांचा वाद चालू आहे.